ओळग गाळी ऐती: आरसी गाडीच्या शॉकची भानगड

दिवाळी झाली की आमच्याकडं पोरांनी केलेला मातीचा किल्ला तसाच अंगणात पडून असतो, कुणाला मोडायला जीव होत नाही, मग पाऊस नाहीतर शेजारची मांजरं तो मोडतात. यंदा ते काम आमच्या आरसी गाडीनं, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या खेळातल्या गाडीनं, केलं. किल्ल्याच्या एका बाजूला उतार होता, पोरानं त्याच्यावर फळी टाकली आणि रॅम्प तयार. गाडी १:१० स्केलची शॉर्ट कोर्स ट्रक, पुण्याच्या एकाकडनं सेकंडहँड घेतलेली, मोटर झकास, बॅटरी नवी, पण उडी मारून खाली आली की बेडकासारखी तीन-चार वेळा उडायची आणि तिसऱ्या उडीला आडवी. पोरगं म्हणालं, "पप्पा, गाडी नाचायलीय." मी म्हटलं स्प्रिंग लूज झाल्यात, टाईट करूया की.

आणि हितंच माझी पहिली चूक झाली, पुढच्या महिनाभरात आणखी चार केल्या, त्या सगळ्या सांगतो, कारण बेळगावात ह्या विषयात विचारायला मला तरी कोण सापडलं नाही आणि व्हिडिओ बघून जे शिकलो त्यातलं अर्धं त्यांच्या ट्रॅकचं असतंय, आपल्या लाल मातीचं नसतंय.

तर स्प्रिंग टाईट करणं म्हणजे काय, तर शॉकच्या, म्हणजे चाकाचे दणके झेलणाऱ्या नळकांड्याच्या, बॉडीवर स्प्रिंगच्या वर प्लॅस्टिकच्या अर्धगोल क्लिपा बसवायच्या, १ एमएम, २ एमएम, ४ एमएम अशा जाडीच्या असतात. भारी शॉकला क्लिपाच्या जागी आटे पाडलेली रिंग असते, ती फिरवायची. याला प्रीलोड म्हणतात. मी असल्या नसल्या सगळ्या क्लिपा चारी शॉकला ठोकल्या. गाडी एकदम उंच झाली, शेळी काठीवर उभी केल्यासारखी. आता उडी मारून आली की कमी दबली हे खरं, पण जरा दगड लागला की चाक हवेत, वळणावर तर स्टिअरिंग दिलं की कलंडलीच. आधी उडीला पडायची, आता सपाट जमिनीवर पडायला लागली. प्रगती.

मेव्हणा आला होता, तो म्हणाला, "दाजी, स्प्रिंगचा एक वेढा कापा, मऊ होतंय." त्याचं स्वतःचं बुलेटचं ज्ञान आहे, मी ऐकलं. मागच्या डाव्या शॉकच्या स्प्रिंगचा एक वेढा पक्कडीनं कापला. एकाच बाजूचा, कारण आधी बघूया म्हटलं. ती बाजू खाली बसली आणि उलट कडक झाली. मला तेव्हा कळेचना की वेढा कमी केला तर कडक कसं काय होतंय. (कळलं ते नंतर, पुढं येतंय.)

मग शॉक उघडला. तोपर्यंत तो उघडतो हेच माहीत नव्हतं, मला वाटायचं आत हवा असते सायकलच्या पंपासारखी. वरचं टोपण फिरवलं तर आतून चमचाभर सुद्धा तेल निघालं नाही, नुसता चिकट लाल राडा. म्हणजे तेल असतं आणि ते संपलंय एवढं लक्षात आलं. वडगावात आमचा एक दोस्त आहे, त्याच्या घरी यंत्रमाग, त्याच्याकडं मागाला घालायचं तेल असतंय, त्यानं खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून दिलं. चारी शॉकमध्ये भरलं, बाहेर पुसून काढलं, स्वतःवर खूश. गाडी किल्ल्यावरनं सोडली तर आधी तीन वेळा उडायची ती आता पाच वेळा उडाली. पोरगं हसून हसून लोळलं.

एवढं झाल्यावर मग मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं आणि शनिवारी दुपारी एक शॉक खिशात घालून उद्यमबागेत मामांकडं गेलो. सख्खे मामा नव्हेत, आईचे चुलतभाऊ, पण गल्लीत सगळेच त्यांना मामा म्हणतात. उद्यमबागेत फाउंड्री, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिक हेच सगळं चालतं हे बेळगावकरांना सांगायला नको. मामांचं एक शेड आहे, दोन लेथ आणि ट्रॅक्टर-जेसीबीचे सिलिंडर रिपेरीचं काम. मी खिशातनं तो बोटाएवढा शॉक काढून त्यांच्या टेबलावर ठेवला, शेजारी जेसीबीचा मांडीएवढा सिलिंडर उघडून पडलेला.

मामा बघून म्हणाले, "हे काय रे, आमच्या सिलिंडरला पोर झालंय की काय?"

मग त्यांनी लेथवरच्या माणसाला हाक मारली, तो गोकाककडचा, मराठी समजतो पण बोलतो कन्नडच. त्यानं शॉक हातात घेतला, स्प्रिंग काढली, रॉड धरून कानाजवळ नेला आणि हळू आत-बाहेर केला. माझ्या कानाला पण लावला. आतून चिक्-चिक्, चिखलात बूट रुतून निघावा तसा आवाज. तो म्हणाला, "ओळग गाळी ऐती." आत हवा हाय. बास, निदान झालं, फी एक चहा.

तो चहा येईपर्यंत मामांनी जे सांगितलं ते मला आजवर बघितलेल्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त समजलं, कारण त्यांच्याकडं दाखवायला खरा सिलिंडर उघडा होता.

शॉकमध्ये दोन वेगळी कामं दोन वेगळ्या वस्तू करतात. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि दबल्यावर परत ढकलते. पण स्प्रिंगला थांबणं माहीत नसतं, ती दाबली तेवढं परत देते, मग परत खाली, परत वर. ते थांबवायचं काम तेलाचं. शॉकच्या आत रॉडच्या टोकाला एक चकती असते, पिस्टन, तिला बारीक भोकं. चाक वर आलं की पिस्टन तेलातून सरकतो, तेलाला त्या भोकातनंच जावं लागतं, आणि ते सुखासुखी जात नाही, त्यात उडीचा जोर खर्च होतो, तेल किंचित गरम होतं, संपलं. म्हणजे गाडी नाचते याचा अर्थ स्प्रिंग बिघडली असा नसतोच बहुतेक वेळा, तेल नाही, पातळ आहे, नाहीतर त्यात हवा आहे. हवा असली तर काय होतं, पिस्टन हवेत असेपर्यंत अडवणारं कोण नाही, मोकळा धावतो, मग एकदम तेलाला धडकतो. प्रत्येक दिशा बदलताना असा मोकळा टप्पा. म्हणून तो चिक्-चिक्.

"आणि मागाचं तेल भरलंस?" मामा. मी मान हलवली. त्यांनी कपाळावर हात मारला.

तेलाच्या जाडीचा हिशोब सेंटिस्टोकमध्ये असतो. आरसीच्या शॉकला सिलिकॉन तेल लागतं, १:१० गाडीला साधारण ३०० ते ५०० च्या दरम्यान. मागाला, शिलाई मशीनला जे तेल असतं ते १०-२० च्या आसपास. म्हणजे मी जवळजवळ पाणीच भरलं होतं, वीस-तीस पट पातळ. मी म्हटलं मग तुमचं हायड्रॉलिक ऑईल द्या की, ते ६८ नंबर लिहिलेलं बॅरल दिसायलंय. ते म्हणाले ६८ नंबर म्हणजे ४० डिग्रीला ६८ सेंटिस्टोक, खोलीतल्या तापमानाला त्याच्या दुप्पट धर, तरी तुझ्या कामाचं नाही, आणि शिवाय ऊन लागलं की खनिज तेल लई पातळ होतंय, सिलिकॉन त्या मानानं धरून राहतं. शिवाय तुझ्या शॉकमधल्या रबराला कुठलं तेल चालतंय हे न बघता भरू नको, काही रबरं पेट्रोलियम तेलात फुगतात. हे खरंच झालं होतं, घरी येऊन बघितलं तर वरच्या टोपणातलं रबर फुगून कडेनं सुरकुतलं होतं.

आणि बाटलीवरच्या नंबरचं पण एक आहे. काही कंपन्या सेंटिस्टोक लिहितात, काही वेट लिहितात, ३० वेट, ४० वेट, आणि दोन कंपन्यांचं ३० वेट एक नसतंय. एका कंपनीचं ३० म्हणजे ३५०, दुसरीचं थोडं वेगळं. त्यामुळं एका शॉकमध्ये एका कंपनीचं नि दुसऱ्यात दुसरीचं असं करू नये, आणि विकत घेताना सेंटिस्टोकचा आकडा बघावा. मी शेवटी ऑनलाईन ३५०, ४०० आणि ५०० अशा तीन बाटल्या मागवल्या, बेळगावला यायला आठवडा लागला.

त्या आठवड्यात मामांनी दिलेला गृहपाठ केला. चारी शॉक गाडीवरनं सोडवून बाजूला ठेवायचे आणि नुसता आर्म, म्हणजे चाक ज्या दांड्यावर वर-खाली होतं तो, हातानं वर उचलून सोडायचा. धपकन खाली पडला पाहिजे. आमचे दोन पडले, एक सावकाश आला आणि पुढचा उजवा तर अर्ध्यातच लटकला, शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखा. आर्मची पिन किंचित वाकलेली आणि तिच्यावर लाल माती घट्ट. कापडानं पुसली, पिन काचेवर फिरवून बघितली, वाकडी होती ती बदलली. त्यात सगळ्यात मोठी गंमत म्हणजे शॉक ज्या स्क्रूवर बसतो तो स्क्रू मी पूर्ण आवळला होता, त्यामुळं शॉकचं टोक फिरतच नव्हतं. तो पूर्ण आवळून मग चतुर्थांश फेरा सैल सोडायचा, टोक मोकळं हललं पाहिजे. हे न करता तेल कितीही बदला, गाडी तशीच राहते. मी नंतर दोघातिघांच्या गाड्या बघितल्या, सगळ्यांचं हेच, शॉक अडकलेला आणि शिव्या स्प्रिंगला.

तेल आलं त्या रविवारी जेवण झाल्यावर स्वयंपाकघरातली मोठी परात घेतली (बायकोला सांगून घेतली, हे महत्त्वाचं), त्यात पांढरं जुनं फडकं, आणि सगळं काम परातीत. कारण पिस्टन रॉडला धरून ठेवायला जी ई-क्लिप असते ती भाताच्या शितापेक्षा लहान, आणि सुटली की बंदुकीच्या गोळीसारखी जाते. एक क्लिप आमची फ्रिजखाली गेली ती अजून तिथंच. पुढच्या क्लिपा मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून काढल्या, म्हणजे उडाली तरी पिशवीतच राहते.

शॉक उघडून सगळं स्वच्छ केलं, आधी पुसून, मग तेलकट राडा साबणाच्या पाण्यानं, मग पूर्ण सुकवून. रॉड उजेडात धरून नखानं चाचपला. मागच्या डाव्या रॉडला नख अडकत होतं, बारीक चरा. तो कुणी पाडला तर मीच, मागं टोक फिरवताना रॉडच पक्कडीनं धरला होता. मामांच्या धंद्यात हे पाप समजतात, जेसीबीच्या रॉडवर पक्कड लावली तर ते माणसाला हाकलतील. चरा पडला की तो प्रत्येक फेरीला ओ-रिंग, म्हणजे रॉडभोवती तेल अडवणारं रबरी कडं, किसतो आणि तिथनं तेल बाहेर, माती आत. धरायचंच असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून धरायचा. तो रॉड बदलावा लागला. ओ-रिंगा मात्र उद्यमबागेतच मिळाल्या, ३ एमएमच्या रॉडला पी-३ नंबरची, आतला व्यास २.८ आणि जाडी १.९ एमएम, मामांच्या डब्यात होत्या. बसवताना दोन थेंब शॉकचंच तेल लावून बसवायच्या, कोरड्या बसवल्या की पहिल्याच फेरीला कापतात, आणि रॉड ढकलताना आट्यांवर त्या घासू द्यायच्या नाहीत.

आता तेल भरणं. रॉड पूर्ण बाहेर ओढायचा, शॉक उभा धरायचा, काठोकाठ तेल. मग पिस्टन हळूहळू वर-खाली, पण तेलाच्या बाहेर काढायचा नाही. पिस्टनच्या भोकातनं बुडबुडे येतात, मोहरीएवढे, सोड्याच्या बाटलीसारखे. पहिल्या दहा फेऱ्यांत मोठे येतात, मग बारीक, मग धुरासारखे. मग तसाच उभा ठेवून पंधरा मिनिटं चहा प्यायला जायचं. घाई केली की तीच बारीक हवा आत राहते आणि पुन्हा चिक्-चिक्. आम्ही चारी शॉक तांदळाच्या डब्यात उभे खोवून ठेवले होते.

वरच्या टोपणाखाली ते मऊ रबर असतं, ब्लॅडर म्हणतात. याचं काम मला आधी कळलं नव्हतं. रॉड आत गेला की त्याच्या जाडीएवढी जागा तो आत खातो, ३ एमएमचा रॉड २५ एमएम आत गेला तर ०.१८ मिली. तेल तर दबत नाही. मग ते ०.१८ मिली जायचं कुठं? ते रबर दबतं आणि जागा देतं. म्हणून तेल जास्त भरलं तर रॉड शेवटपर्यंत जातच नाही नाहीतर आतनं जोरात बाहेर येतो, कमी भरलं तर हवा. आम्ही ब्लॅडर एका कडेनं तिरकं बसवलं म्हणजे त्याच्याखाली हवा अडकत नाही, थोडं तेल ओसंडू दिलं, टोपण दोन आटे लावून रॉड अर्ध्यापर्यंत हळू आत ढकलला, कडेनं जास्तीचं तेल पाझरलं, मग टोपण आवळलं. आवळताना हातानंच, पक्कड लावून प्लॅस्टिकचे आटे उडवू नका.

तपासायचं कसं, तर स्प्रिंग न लावता रॉड पूर्ण दाबून सोडायचा आणि किती परत येतो ते बघायचं. थोडासा, चार-पाच एमएम, सावकाश यावा. पण किती यावा यापेक्षा डावा-उजवा सारखा यावा हे महत्त्वाचं. त्यासाठी दोन्ही शॉकची टोकं एकमेकांवर ठेवून दोन हातांनी दाबायचे, ज्याचा रॉड आधी जातो त्यात काहीतरी गडबड. आमचा मागचा जोड पहिल्यांदा जमला नाही, उजवा लगेच जात होता, उघडून परत भरला. पोराला हे कुस्तीसारखं वाटलं, तो प्रत्येक जोडाला नावं देऊन लावत बसला.

मग गाडीवर बसवून बॅटरी टाकून (मी आधी सगळी मापं बॅटरीशिवाय घेतली होती, पाव किलोच्या आसपास वजन बाजूला ठेवून) वीतभर उंचीवरनं सोडायची आणि बसू द्यायची. आर्म जमिनीला समांतर आले पाहिजेत, आमच्या शेतात पळवायला आर्म जरा खाली झुकलेले ठेवतो म्हणजे खालून ढेकळं लागत नाहीत. ही उंची जुळवायला प्रीलोडच्या क्लिपा. आणि ही गोष्ट मी मामांशी वाद घालून शिकलो: क्लिपा घातल्यानं स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या व्यासावर, किती वेढे आहेत त्यावर ठरतो, क्लिप फक्त गाडी वर उचलते. मी सगळ्या क्लिपा ठोकल्या तेव्हा रॉड उभ्या-उभ्याच पूर्ण बाहेर आलेला होता, चाकाला खड्ड्यात खाली जायला जागाच राहिली नव्हती, म्हणून चाकं हवेत आणि गाडी आडवी. गाडी उचलली तर चाकं जरा खाली लोंबली पाहिजेत, तेवढी लोंब शिल्लक लागतेच.

आणि कापलेल्या वेढ्याचं उत्तर पण तिथंच. नऊ वेढ्यांतला एक कापला म्हणजे तेवढंच दबणं आता आठच वेढ्यांत वाटलं जातं, प्रत्येक वेढ्यावर जास्त ताण, स्प्रिंग आठाला नऊ या प्रमाणात कडक झाली, बारा टक्क्यांच्या आसपास, आणि लांबी कमी झाली म्हणून ती बाजू खाली बसली. मेव्हण्याला फोन करून सांगितलं, तो म्हणाला बुलेटला चालतंय. असेल बाबा.

पहिली ट्रायल येळ्ळूर रोडला एका नातेवाइकाच्या शेतात. भात कापून झालेलं, धसकटं वाळलेली, मधनं बांध, उडी मारायला बांधासारखी दुसरी जागा नाही. (व्हॅक्सिन डेपोत नेत नाही, सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायात गाडी येते आणि मग आपण बोलणी खातो.) चारी शॉकला ३५० तेल. बांधावरनं उडाली, खाली आली, एकदा दबली, एकदा उठली, निघून गेली. पोरगं ओरडलं. मी पण ओरडलो, खोटं कशाला बोलू.

पण समाधान माणसाला टिकत नाही. मोठ्या उडीला तळ जमिनीवर आपटायचा, ठप्प असा आवाज, म्हणून चारीला ५०० भरलं. उड्या मस्त, पण धसकटांच्या ओळींवरनं आडवी नेली की गाडी हळूहळू खाली बसत जायची. सुरुवातीला वाटलं बॅटरी उतरली. मामांना व्हिडिओ पाठवला, त्यांचा फोन, "अरे एका दणक्यातनं रॉड बाहेर यायच्या आधी दुसरा दणका येतोय, तिसऱ्याला शॉक आतच अडकून बसतोय." म्हणजे तेल इतकं जाड की परत यायला वेळ मिळत नाही. यावर दोन रस्ते, तेल पातळ करा नाहीतर पिस्टनची भोकं मोठी. भोक जरा मोठं केलं की फरक फार पडतो, ढोबळमानानं व्यासाच्या चौथ्या घातानं, १.२ एमएमचं १.३ केलं की अडवणूक पावच्या वर कमी होते. मामांचं म्हणणं, "भोक मोठं करता येतंय, लहान करता येत नाही, आधी तेल बघ." मी पुढं ४०० आणि मागं ३५० वर आलो. मागं कमी का, तर मागचं तेल जाड ठेवलं की बांध चढताना मागचा भाग फेकला जातो असं आधी वाटलं होतं, पण खरं उलट निघालं, मागचा शॉक लई पटकन उसळून येतो तेव्हा गाडी नाकावर जाते. ३५० ला ती सरळ उडते, ३०० करून बघितलं तेव्हा नाकावरच गेली. त्यामुळं ३५०. दुसऱ्याच्या गाडीला हाच आकडा लागेल असं समजू नका, वजन, पिस्टन, जमीन सगळं वेगळं असतंय.

शॉक टॉवरवर (शॉकचं वरचं टोक जिथं बसतं ती पट्टी) आणि आर्मवर तीन-तीन भोकं असतात त्यांचाही खेळ आहे. आर्मवर शॉक बाहेरच्या भोकात, चाकाकडं सरकवला की तीच स्प्रिंग कडक वाटते, लांब दांड्याची पहार आणि आखूड दांड्याची पहार यातला फरक. आतल्या बिजागरीपासून ४० एमएमवर होता तो ४५ वर नेला तर जवळजवळ सव्वापट, कारण हिशोब वर्गाचा. वर टॉवरवर आत सरकवला, म्हणजे शॉक जास्त आडवा, तर सुरुवातीला मऊ आणि दबत जाईल तशी कडक. मी आर्मवर मधल्या भोकात ठेवलाय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम पोरानं माझ्यापेक्षा चांगला पाळला, त्यानं शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, तेल, क्लिप, भोक असे रकाने आखले, आणि शेवटचा रकाना "पडली का". बाईंनी वही तपासताना तिथं बरोबरची खूण केलीय, काय समजून केली त्यांनाच ठाऊक.

लाल मातीचा इलाज सांगायचा राहिला. खानापूर रोडकडं गेलो की धूळ पावडरीसारखी, ती रॉडवर चिकटते, ओ-रिंगजवळ लगदा होतो आणि तीच पॉलिश पेपरचं काम करते. आम्ही साधे फुगे आणले, बंद टोक कापून फुग्याची नळी केली, ती रॉडवर ओढून वर बॉडीला आणि खाली टोकाला बसवली. स्प्रिंगच्या आतनं बसते. लाल, पिवळा, हिरवा, निळा, गाडी वाढदिवसाला निघाल्यासारखी दिसते पण दोन महिने झाले, एक थेंब बाहेर नाही. फक्त फुगा फार ताणून लावायचा नाही, नाहीतर तोच शॉकला ओढत राहतो. आणि पळवून आल्यावर पाणी मारू नका, सुक्या ब्रशनं झाडा, ओल्या लाल मातीचं सिमेंट होतंय.

उन्हाळ्याचं अजून बघायचंय. आता सकाळी हवा गार, १५ डिग्रीच्या आसपास, एप्रिलात दुपारी ३५-३६ ला जाईल, काळी बॉडी उन्हात राहिली तर शॉक अजून गरम. सिलिकॉन तेल सुद्धा २५ वरनं ४० डिग्रीला गेलं की पाव भाग पातळ होतं, म्हणजे आत्ताचं ४०० तेव्हा ३०० सारखं वागेल. त्यासाठी ५०० ची बाटली जपून ठेवलीय, पुढं तीच जाईल बहुतेक. पावसात काय करायचं ते पावसात बघू, जूनमध्ये आमच्याकडं गाडी पळवायला शेत कुठं, सगळं चिखलणीला लागलेलं.

अजून एक बारीक कुरकुर आहे, पुढच्या डाव्याला गाडी वळवली की टक् असा आवाज येतो. शॉकचा नाही असं वाटतंय, बॉल टोकाचा असेल, शनिवारी उघडणार. नव्या स्प्रिंगांचा जोड पण आलाय. ती कापलेली स्प्रिंग मामांनी मागून घेतली, त्यांच्या टेबलावर उभी करून त्यात पेन खोवून ठेवलंय, आणि शेडमध्ये कोण आलं की बोट दाखवून विचारतात, "हे कुणी कापलंय सांगू का?"